उतराई व्हायचंय, पण कुणाची? क्राउडफंडिंगला मदत करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ साली माझ्या धाकट्या भावाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया निघाला. बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, रक्त बनवायचंच बंद करतो असा आजार. डॉक्टरांनी इलाज सांगितला ट्रान्सप्लांट, म्हणजे जुळणाऱ्या माणसाचा मगज पेशंटला द्यायचा, आणि डोनर सापडली मी. सख्ख्या भावंडाचं पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक असते, ती आमच्या वाट्याला आली, पण हॉस्पिटलनं एस्टिमेट दिलं १४ लाखांचं आणि आमची कोरेगाव तालुक्यातली दोन एकर जमीन, त्यातली अर्धी कोरडवाहू. मग भावाच्या कॉलेजच्या मित्रांनी ऑनलाइन कॅम्पेन टाकलं, म्हणजे नेटवरून लोकांकडे थोडी थोडी मदत मागितली, ह्यालाच क्राउडफंडिंग म्हणतात, आणि पैसे आले, ओळखीच्यांचे आले, अनोळखींचे त्याहून जास्त आले. तेव्हापासून लोक मला लिंक पाठवतात आणि विचारतात की ही खरी वाटते का, द्यावेत का, किती द्यावेत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय.

ज्यांनी मदत केली त्यांची परतफेड करायची कशी?

माझ्या आईनं पहिल्या आठवड्यातच एक वही केली होती. लग्नात आहेराची वही असते ना, कुणी किती लिहिले, भांडं दिलं का पाकीट दिलं, म्हणजे त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं तरी परत करता येतं, अगदी तशी. मित्र रोज संध्याकाळी फोनवरून नावं सांगायचे आणि ती लिहायची. तिसऱ्या पानावर ती अडकली. "नाव गुप्त, १०१ रुपये." खाली परत "नाव गुप्त, ५०० रुपये." मला म्हणाली, अगं यांच्या घरी कधी जायचं आपण?

ह्याच प्रश्नावर माझं सगळं येऊन थांबतं. आहेर ज्याचा त्याला परत जातो. हे पैसे ज्याचे त्याला परत देताच येत नाहीत, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि ज्यांचं माहीत आहे त्यांना परत दिले तर ते दुखावतील. मग उतराई व्हायचं ते पुढच्या माणसाकडे. आईला हे पटायला वर्ष गेलं. आता त्या वहीची मागची पानं तिनं उलटी सुरू केलीत, आपण कुणाला दिले त्याची.

हे क्राउडफंडिंग वगैरे बाहेरून आलेलं फॅड आहे ना?

शब्द बाहेरचा आहे, काम आपल्याकडे जुनंच आहे, आपण त्याला वर्गणी म्हणतो. मी सातारची असल्यामुळे मला पहिलं आठवतं ते रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात संस्था सुरू केली, आणि वसतिगृहातली पोरं जेवायची कशावर, तर घराघरातून दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवलं जायचं त्यावर. एका घराला मूठभर धान्यानं काही फरक पडत नाही, शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की पोरांची पंगत बसते. आणि जेव्हा मुठीही पुरल्या नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. माझे वडील रयतच्या शाळेत शिकले, त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट पुस्तकातली म्हणून सांगितली जात नाही.

तसाच पैसा फंड. अंताजी दामोदर काळ्यांनी कल्पना काढली की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचे. गाडगेबाबांनी लोकांकडून आलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं परळच्या टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. भारतातली क्राउडफंडिंगची मोठी नावं, मिलाप २०१० चं आणि केटो २०१२ चं, त्यांनी झोळी फोनमध्ये आणली असं मी म्हणेन.

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. गावात वर्गणी मागणाऱ्याला सगळे ओळखायचे. फोनवर कुणी कुणाला ओळखत नाही, त्यामुळे खात्री करायचं काम आता देणाऱ्यावर येऊन पडलंय.

कॅम्पेन खरं आहे हे कसं ओळखायचं?

मी काय काय बघते ते सांगते, हाच क्रम असं काही नाही.

आधी हॉस्पिटलचं एस्टिमेट उघडून बघते. लेटरहेडवर आहे का, तारीख आहे का, पेशंटचं नाव आणि कॅम्पेनमधलं नाव जुळतं का, डॉक्टरची सही-शिक्का आहे का. मग रक्कम. एस्टिमेट ६ लाखांचं आणि कॅम्पेन २५ लाखांचं असेल तर मधल्या १९ लाखांचा हिशोब कुठंतरी लिहिलेला पाहिजे. असू शकतो तो खराही, कारण एस्टिमेटमध्ये ऑपरेशन धरलेलं असतं, पण नंतरची औषधं, पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहायचा खर्च, सारख्या लागणाऱ्या प्लेटलेट्स हे धरलेलं नसतं. आमचंच बघा, ट्रान्सप्लांट झाल्यावर तीन महिने हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागलं, कारण इन्फेक्शनच्या भीतीनं गावी जाऊ देत नव्हते. तो खर्च एस्टिमेटमध्ये कुठंच नव्हता. म्हणजे जास्त मागितलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका, पण कारण लिहिलंय का ते बघा.

दुसरं, पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर पैसे थेट हॉस्पिटलला जायची सोय असते आणि तसं लिहिलेलं असेल तर मी जास्त निर्धास्त असते. तिसरं, कॅम्पेन टाकणारा पेशंटचा कोण लागतो. भाऊ, मित्र, शिक्षक, कुणीही चालेल, पण नातं स्पष्ट लिहिलेलं हवं. चौथं, अपडेट. महिना झाला, पाच लाख जमलेत आणि एक ओळसुद्धा अपडेट नाही, तर मी थांबते आणि कमेंटमध्ये विचारते की पेशंट कसा आहे. खरं असेल तर कुणीतरी उत्तर देतंच, बहुतेक वेळा त्यांची धावपळ चालू असते म्हणून राहिलेलं असतं.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे फोन. हॉस्पिटलचा नंबर मेसेजमधला घ्यायचा नाही, त्यांच्या वेबसाइटवरून घ्यायचा, आणि सोशल वर्कर द्या म्हणायचं. सरकारी हॉस्पिटलात त्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात. पेशंटची खाजगी माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये, पण ह्या नावानं मदत मागितली जातेय, तुम्हाला कल्पना आहे का, एवढं विचारता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि क्यूआर कोड आलाय, लगेच टाकू का?

लगेच नको. फोटो खरा असतो, मूलही खरं असतं, पण क्यूआर भलत्याचाच असतो असं होतं. खऱ्या कॅम्पेनचा फोटो उचलायचा आणि खाली आपला क्यूआर चिकटवायचा, एवढंच करतात. त्यामुळे फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, बऱ्याचदा तोच फोटो तीन वर्षांपूर्वीचा निघतो, वेगळ्या नावानं, वेगळ्या राज्यातला. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी नाव दिसतं ते वाचा, मेसेजमधल्या नावाशी त्याचा काही संबंध आहे का बघा. मूळ कॅम्पेनची लिंक मागा. लिंक देत नाहीत आणि नुसती घाई करतात, आज रात्रीपर्यंत पैसे नाही भरले तर असं होईल आणि तसं होईल, तर माझ्या अनुभवात तिथं गडबड असते. फसलात तर लाजून गप्प बसू नका, १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आणि फॉरवर्ड करायच्या आधीसुद्धा हेच सगळं करा. पैसे नाही दिले पण फॉरवर्ड केलं, असं म्हणून आपण मोकळे होतो, पण आपलं नाव बघूनच पुढचा माणूस विश्वास ठेवतो.

प्लॅटफॉर्म किती पैसे कापून घेतात?

प्रत्येकाचं वेगळं आहे आणि बदलत राहतं, म्हणून पैसे भरायच्या पानावर जे लिहिलंय ते वाचायचं. एक गोष्ट नक्की बघा, टिप. तुम्ही १,००० टाकता आणि खाली प्लॅटफॉर्मला टिप म्हणून काही टक्के आधीच लावलेले असतात, एकूण रक्कम वाढलेली दिसते. ती टिप बदलता येते, शून्यही करता येते. मी शून्य करत नाही, कारण कागदपत्रं तपासायला, पैसे वळते करायला माणसं लागतात आणि आमच्या वेळी त्यांच्यातल्या एका मुलीनं रात्री अकराला फोन उचलून आईला समजावून सांगितलेलं मला आठवतं. पण किती द्यायची ते मी ठरवते. शिवाय पेमेंट गेटवेचा खर्च असतो. तुम्ही पेशंटला ओळखत असाल तर सरळ त्याच्या हॉस्पिटलच्या खात्यात भरा ना, प्लॅटफॉर्म अनोळखी लोकांसाठी आहे.

सरकारी योजना आहेत की, मग लोक पैसे का मागतात?

हा प्रश्न थोडा संशयानं विचारला जातो, पण प्रश्न चांगला आहे, कारण मागणाऱ्यांनाच कित्येकदा योजना माहीत नसतात. आम्हालाही नव्हत्या. म्हणून मी आता कुणी लिंक पाठवली की पैशांच्या आधी हे विचारते, आणि माझ्या मते ही माहिती पोचवणं हे हजार रुपये देण्यापेक्षा मोठं देणं आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. तिचं कव्हर आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं, नंतर ५ लाख झालं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठायचं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. पण यादीत असलेले आजार आणि यादीत असलेली हॉस्पिटलं एवढंच त्यात बसतं.

धर्मादाय हॉस्पिटलं. आपल्या राज्यात जी मोठी हॉस्पिटलं सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलाच्या २ टक्के रकमेचा वेगळा फंडही असतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पेशंट अ‍ॅडमिट होतानाच समाजसेवा विभागात जाऊन हे बोलायचं. आम्ही उशिरा गेलो, बिल अर्धं झाल्यावर, आणि काऊंटरवरच्या माणसानं वर मान न करता आता काही होणार नाही असं सांगितलं. मी तेव्हा मुकाट परत आले, आता आले नसते.

लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीतून चालतो आणि अठरा वर्षांपर्यंत आहे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्ष आहे, पंतप्रधान सहाय्यता निधी आहे. हे सगळं जोडूनही भोक उरतं. योजनेत न बसणारं औषध, रांगेत थांबायला वेळ नसलेला आजार, कमावता माणूसच खाटेवर असल्यामुळे बंद पडलेली चूल. क्राउडफंडिंग त्या उरलेल्या भोकासाठी असतं. कॅम्पेनमध्ये असं लिहिलेलं असेल की योजनेतून इतके मिळाले, ट्रस्टनं इतके दिले, आम्ही इतके घातले आणि एवढे कमी पडतायत, तर मी डोळे झाकून देते.

एका बाळाच्या १६ कोटींच्या इंजेक्शनला द्यायचं की तेवढ्यात शेकडो पोरांचं होईल ते बघायचं?

२०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी हा प्रश्न घराघरात बोलला गेला. एसएमए नावाचा जनुकीय आजार, त्यावर एकदाच द्यायची जीन थेरपी, किंमत सुमारे १६ कोटी. लोकांनी पैसे जमवले, सरकारनं आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे ६ कोटींचा कर माफ केला. तेव्हा माझ्या ऑफिसात दोन गट पडले होते.

मला विचाराल तर हिशोब मांडणाऱ्यांचं चूक नाही. पण त्या वेळच्या गलक्यामुळे दुर्मीळ आजार हा विषय लोकांना कळला हेही खरं. त्याच वर्षी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आलं, सरकारनं स्वतःचं देणगीचं पोर्टल काढलं, ठरवून दिलेल्या मोठ्या हॉस्पिटलांत नोंदलेले असे रुग्ण त्यावर असतात, आपल्याकडे मुंबईचं केईएम त्यात आहे. धोरणातली मदत पुढच्या वर्षी ५० लाखांपर्यंत वाढवली, १६ कोटींपुढे ती थोडीच आहे, पण सुरुवात तरी झाली. ज्या आईबापांच्या हातात ते बाळ आहे त्यांच्यापुढे मी हिशोब मांडू शकत नाही. मी तेव्हा ३०० रुपये दिले आणि त्याच दिवशी ३०० आमच्या वॉर्डातल्या थॅलेसेमियाच्या एका पोरीच्या आईला दिले. दोन्ही जमतं.

माझ्या १०० रुपयांनी काय होणार?

आमच्या पूर्ण कॅम्पेनमध्ये सगळ्यात जास्त देणग्या १०० ते ५०० मधल्या होत्या. मोठी रक्कम आली ती दोन-चार जणांकडून, पण ती आली कधी, तर आधी शंभर-सव्वाशे लोकांनी दिल्यावर. पाटी कोरी असलेल्या कॅम्पेनला कुणी मोठे पैसे देत नाही. पहिले शंभर रुपये देणारा माणूस पुढच्याला धीर देतो. आणि पेशंटच्या घरच्यांना तर काय सांगू, रात्री दोन वाजता आयसीयूच्या बाहेर बसलेलं असताना फोन टिंग वाजतो आणि कळतं की आत्ता ह्या वेळी कुणीतरी जागं आहे आणि त्याला आपलं माहीत आहे. ते १०१ वालं नाव गुप्त असंच पहाटे आलेलं.

दरवेळी भावनेच्या भरात देते आणि महिनाअखेरीला ओढाताण होते, काय करू?

महिन्याची रक्कम ठरवा आणि तिचा वेगळा डबा करा. मी पगार झाला की २ टक्के दुसऱ्या खात्यात टाकते, महिनाभर जे येईल ते त्यातून, संपले की संपले, पुढच्या महिन्यात बघू. भिशी कशी आपण चुकवत नाही, तसंच. शिवाय वर्षातून एक दिवस ठरवलाय, भावाच्या ट्रान्सप्लांटचा. वॉर्डात त्या दिवसाला डे झिरो म्हणतात, तिथून दिवस परत मोजायला लागतात, डे वन, डे टू, आणि पेशंट त्याला दुसरा वाढदिवस म्हणतात. त्या दिवशी केक नाही, एका नव्या कॅम्पेनला पैसे. तुमच्याकडे असा दिवस नसेल तर २ ते ८ ऑक्टोबर दानउत्सव असतो, २००९ पासून चालू आहे, तो आठवडा धरा.

टॅक्समध्ये सूट मिळते का?

एखाद्या पेशंटच्या कॅम्पेनला दिलेत तर नाही. ८०जी म्हणून जी सवलत आपण ओळखतो ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर आहे, संस्थेकडे ती मान्यता पाहिजे, २,००० च्या वर रोख दिलेले धरत नाहीत, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ही सवलत नाहीच. संस्थेला देताना पॅन द्या आणि सर्टिफिकेट मागून घ्या, नुसती पावती पुरत नाही.

पैसे घेणाऱ्यांसाठीही एक सांगते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम आली की ती उत्पन्नात धरायचा नियम आहे, त्यामुळे स्वतःच्या खात्यात पैसे घेत असाल तर सुरुवातीलाच सीएशी बोला, सगळी बिलं फाइलला लावा. पैसे थेट हॉस्पिटलला गेले तर हिशोब ठेवायला सोपं जातं, हेही एक कारण.

मी परदेशात असते, इथून देता येईल का?

पासपोर्ट कुठला ते आधी बघा. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहत असाल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, इथल्या संस्थेला दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी होते आणि मग संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी हवी. ज्या संस्थेकडे ती नाही तिला पैसे पाठवून तुम्ही तिला अडचणीत आणता, म्हणून आधी विचारा. अमेरिकेत असाल तर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथल्या संस्था हे काम १९७८ पासून करतायत, त्यांच्यामार्फत पाठवणं बरं पडतं.

पेशंट गेला तर जमलेल्या पैशांचं काय होतं?

अवघड प्रश्न आहे पण विचारायलाच हवा. हॉस्पिटलचं बिल बाकी असतं, ते आधी जातं. उरलं तर प्लॅटफॉर्मचे नियम असतात, कुठे परत करतात, कुठे दुसऱ्या पेशंटला वळवतात, कॅम्पेन टाकतानाच ते ठरवून लिहून ठेवलं तर घरच्यांवर नंतर ताण येत नाही. आमच्या शेजारच्या खोलीत नऊ वर्षांचा मुलगा होता. तो गेला. त्याचे वडील तेराव्यानंतर परत वॉर्डात आले, उरलेल्या पैशांची पावती घेऊन, आणि सिस्टरला म्हणाले, पुढं ज्याला लागतील त्याच्या नावानं करा. त्या माणसाकडे तेव्हा परतीच्या एसटीचे पैसे मोजून होते. देणाऱ्यांनी पैसे दिले होते तो जगावा म्हणून, तो जगला नाही, पण ते पैसे वाया गेले असं मला कुणी म्हणू नये.

पैसेच नाहीत, तर मी काय देऊ शकते?

ह्यावर मी तासभर बोलू शकते. भावाला रोज प्लेटलेट्स लागायच्या. एसडीपी म्हणतात, एकाच माणसाच्या रक्तातून मशीननं फक्त प्लेटलेट्स काढतात आणि रक्त परत आत सोडतात, दीड-दोन तास बसावं लागतं. पैसे जमवणं सोपं होतं, रोज सकाळी एक डोनर उभा करणं जास्त अवघड. पुण्यातली कॉलेजची पोरं सकाळच्या लेक्चरला दांडी मारून यायची. प्लेटलेट्स दिल्यावर ४८ तासांनी परत देता येतात, वर्षातून २४ वेळापर्यंत, पूर्ण रक्त मात्र पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी.

सख्खं भावंड मॅच झालं नाही तर अनोळखी डोनर शोधतात, त्यासाठी दात्रीसारख्या स्टेम सेल रजिस्ट्री आहेत. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून देतात, बस. मात्र नाव नोंदवून ऐन वेळी नाही म्हणू नका, समोरच्या पेशंटचं शरीर तोवर ट्रान्सप्लांटसाठी तयार केलेलं असेल तर त्याला मागे फिरता येत नाही. विचार करूनच नोंदवा. मी स्वतः दिलंय म्हणून सांगते, आठवडाभर कंबर दुखली, एवढंच.

आणखी कितीतरी आहे. कॅम्पेनचा मजकूर नीट लिहून देणं, इंग्रजी एस्टिमेट घरच्यांना मराठीत समजावणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला कुणासोबत जाणं, डबा देणं. आमच्या खोलीमालकीणबाई रोज संध्याकाळी भावासाठी वेगळी उकळलेली पाण्याची बाटली भरून ठेवायच्या.

फक्त आजारपणालाच द्यायचं का?

अजिबात नाही, माझं आजारपणाशी नातं आहे म्हणून ते जास्त आलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत शैक्षणिक उठाव करतात, गावातून, माजी विद्यार्थ्यांकडून, त्यातून प्रोजेक्टर येतो, शौचालय होतं, रंगकाम होतं. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून काय लागतंय विचारलं तर यापेक्षा खात्रीचं कॅम्पेन दुसरं मिळणार नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या, म्हणजे पाणी अडवायच्या कामाच्या गावागावांतल्या स्पर्धेच्या, पहिल्याच वर्षी आमचा कोरेगाव तालुका होता, वरूड आणि अंबाजोगाईबरोबर, तेव्हा मुंबईतून माणसं कुदळ घेऊन यायची आणि आमच्या म्हाताऱ्या बायका त्यांना भाकरी बांधून द्यायच्या. आनंदवन, हेमलकसा, गडचिरोलीचं सर्च, नगरचं स्नेहालय ही कामं लोकांच्या देणग्यांच्याही आधारावर दशकानुदशकं उभी आहेत, तिथं महिन्याला थोडे पण नियमित देणं जास्त उपयोगी, कारण पगार आणि धान्य दर महिन्याला लागतं.

पुराच्या वेळी मात्र एक विनंती. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला मदत गेली त्यात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते, ते वेगळे करायलाच माणसं लागायची. आधी विचारा आणि मगच पाठवा. बऱ्याचदा तिथं झाडू, फिनेल, गमबूट, सतरंज्या आणि पोरांच्या वह्या लागतात.

आम्ही मदत घेतलीय, आता लोकांपुढे मिंधं वाटतं. काय करू?

हे मला खूप जण विचारतात, बहुतेक खाजगीत. मिंधेपणा मी जवळून बघितलाय. माझा भाऊ बरा झाल्यावर सहा महिने घराबाहेर चहा प्यायला तयार नव्हता, कुणी म्हणेल लोकांच्या पैशावर बरा झाला आणि हॉटेलात बसतो. एकानं खरंच म्हटलं होतं तसं, नवीन मोबाइल बघून. तो मोबाइल मामानं दिलेला होता, पण त्याचाही खुलासा करावा लागला.

खुलासा करू नका. बिलांचा हिशोब द्या, तो देणं तुमचं कर्तव्य आहे, एकदा स्वच्छ मांडा आणि संपवा. जगण्याचा हिशोब द्यायची गरज नाही. तुम्ही बरं होऊन चहा प्यावा, कामाला जावं, हसावं म्हणूनच तर पैसे दिले होते लोकांनी. आणि देणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, एकदा दिलं की त्या घरावर पहारा ठेवू नका. कॅम्पेनसाठी नळ्या लावलेले, टक्कल झालेले फोटो मागू नका, कागद बघा. भावाचा तसा फोटो अजून इंटरनेटवर आहे आणि त्याला तो काढून टाकायचाय.

आभार कसे मानायचे?

तीन अपडेट पुरतात. पैसे भरले तेव्हा एक, पावतीसकट. उपचार झाले तेव्हा एक. आणि वर्षानं एक, हा बहुतेक लोक विसरतात आणि हाच देणाऱ्याला सगळ्यात जास्त हवा असतो. आम्ही वर्षानं भावाच्या पहिल्या पगाराच्या दिवशी चार ओळी टाकल्या होत्या, फोटो नाही, नुसत्या ओळी, तर कुठून कुठून उत्तरं आली, एका काकूंनी नागपूरहून लिहिलं की मी रोज दिवा लावताना त्याचं नाव घ्यायचे, नाव चुकीचं घेत होते हे आज कळलं.

आत्ता ५०० रुपये आहेत आणि समोर तीन लिंक आहेत, कुणाला देऊ?

कागद तिन्हीचे बघा. तिन्ही खरे वाटले तर मी जिथं सगळ्यात कमी लोकांनी दिलंय तिथं देते. ज्यांच्याकडे इंग्रजी लिहिणारा मित्र नाही, चांगला फोटो नाही, शेअर करणारे हजार ओळखीचे नाहीत, त्यांचं कॅम्पेन तीन-चार देणग्यांवर अडकून पडलेलं असतं, आजार तेवढाच मोठा असतो. ५०० चे तुकडे करू नका, एकालाच द्या, आणि देताना दोन शब्द लिहा. आमच्या वेळी लोकांनी लिहिलेले असे शब्द आईनं वहीत देणग्यांपुढे उतरवून घेतलेत, रक्कम आणि शेजारी शब्द. १०१ च्या पुढं लिहिलंय, "ताई धीर धरा."